मॅडमनी मांडलेली पंगत

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडे आणि वाकड्या अक्षराकडे पाहू नये, एवढी विनंती. चौथीपर्यंत शिकले, तेही तुमसरकडच्या माहेरी. लग्न होऊन मध्य प्रदेशात, कटंगीजवळच्या या गावात आले तेव्हापासून डोळ्यांसमोर सगळी हिंदीच आहे, मराठी लिहायला हात अडतो. पण मॅडमबद्दल हिंदीत लिहिणं मला जमेना. त्या माझ्याशी आमच्याच बोलीत बोलायच्या.

बोलता बोलता त्या उजवा हात पुढे करायच्या, तळवा वर, जणू कोणी त्यावर काही ठेवणार आहे. "कोन?" मग डावा हात. "अन् त्याचं काय?" दोन्ही तळव्यांवर काही पडल्याशिवाय त्या समोरच्याला सोडत नसत. मूल असो, बसचा कंडक्टर असो, नाहीतर सरपंच असो.

मी शाळेत मुलांचा स्वयंपाक करते. स्वयंपाकखोली पाचवीच्या वर्गाला लागून आहे, मधल्या भिंतीत एक खिडकी. एकदा मी खिडकीतून म्हटलं, "मॅडम, संपलं."

"काय संपलं? तेल संपलं, डाळ संपली, का मीच संपली?"

मुलं हसली. मी पदर तोंडाला लावला.

"बोला, दुर्गाच्या माय."

"हळद संपली."

"हां. आता समजलं काय आनायचं ते."

दुर्गा माझी मुलगी, तेव्हा त्याच वर्गात होती. तिनं मान खाली घातली होती. अर्धं बोलायची सवय मला लहानपणापासूनच. 'बघू', 'होईल', 'झालं', एवढ्यात माझा दिवस निघायचा. तुमच्या ओळखीतही अशा बायका असतील. आम्ही कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

पाचवीच्या पुस्तकात उद्देश्य आणि विधेय असा एक धडा होता. ज्याच्याबद्दल बोलायचं ते उद्देश्य, आणि त्याच्याबद्दल जे सांगायचं ते विधेय. मला हे खिडकीतूनच कळलं, माझी शाळा तिथवर पोचलीच नव्हती. आधीच्या गुरुजींनी मुलांना सोपी युक्ती देऊन ठेवली होती: वाक्यातला पहिला शब्द उचलायचा, तेच उद्देश्य. मॅडमना ही युक्ती मोडून काढायची होती. त्या फळ्यावर हिंदीत लिहायच्या आणि समजवायच्या आमच्या बोलीत.

एकदा वाक्य होतं, कटंगीच्या बाजारातून काल आमची म्हैस पळाली. वर्ग एका आवाजात ओरडला, "कटंगी!"

"कटंगी पळाली? मंग मी संध्याकाळी बालाघाटची बस धरू कुठं?"

त्यांनी एका दांडग्या मुलाला म्हैस केलं आणि बाकीच्यांना त्याच्या मागे मैदानात सोडलं. म्हैस दोन चकरा मारून माझ्या लाकडांच्या ढिगामागे लपली. मॅडमचे गुडघे दुखरे, तरी त्या ओट्यावरून ओरडत होत्या, "कोन पळालं?"

"म्हैस!"

"कोनाची म्हैस?"

"आमची म्हैस!"

"हां. शेजाऱ्याची असती तर आपन कायले धावलो असतो?"

सगळ्यांना तेवढ्यानं आलं असं नाही. महिनाभर तरी कोणी ना कोणी 'कटंगी' म्हणतच होतं. मॅडम चिडायच्या, खडू मोडायच्या, मग तोच मोडका खडू घेऊन पुन्हा फळ्याकडे वळायच्या. वर्गातलं एकही पोर याशिवाय सहावीत जाणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ते त्यांचं निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष होतं.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत मुलं आईबापांबरोबर बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात गेली, तर या छत्री घेऊन कडेच्या धुऱ्यावर हजर. त्या म्हणायच्या, "ही बांधी..." आणि चिखलातून उत्तर यायचं, "...पान्यानं भरली." बायका वाकल्या वाकल्या वैतागायच्या. "मॅडम, रोवू द्या नं जी!"

"कोनाले रोवू द्या?"

"घ्या. आता आमची बी शाळा भरली," म्हणत बायका हसायच्या आणि पऱ्ह्यांची, रोपांची जुडी पुढे फेकायच्या.

एका शनिवारी मॅडमनी घरचा अभ्यास दिला. आईला विचारून वडिलांबद्दल वाक्यं लिहून आणा आणि उद्देश्याखाली रेघ मारा. सोमवारी मुलं लिहून घेऊन आली. 'बाजाराले गेलते.' 'धान पाहून आले.' 'चहा पेत नाहीत.' रेघ कुठेच नव्हती.

"रेघ काहून नाही मारली?"

"कोनाखाली मारू मॅडम? मायनं सांगतलंच नाही."

त्यांनी आणखी काही मुलांचं पाहिलं. सगळ्यांचं तसंच. मग त्या खिडकीकडे वळल्या. मी कांद्यात डोकं घातलं, पण त्या सोडणाऱ्या नव्हत्या.

"दुर्गाच्या माय, हे काय होऊन राह्यलं?"

"मॅडम, मालकाचं नाव कसं घेनार जी?"

मॅडम चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. त्या स्वतः बालाघाट शहरात वाढलेल्या, आणि नवऱ्याला नावानं हाक मारायच्या, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. आमच्याकडे तसं नाही. बाई नवऱ्याचं नाव घेते ते फक्त पंगतीत. लग्नाच्या जेवणात ती वाढायला उठली की बाकीच्या बायका तिचा हात धरतात, नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. ती दोन ओळी जोडून नाव घेते आणि त्यातच मनातलं काही बोलून टाकते. टोमणा असला तरी माणूस हसून ऐकून घेतो. पंगतीत घेतलेल्या नावावर रागवायचं नसतं.

मी हे सगळं खिडकीतून अडखळत सांगितलं. माझ्या तोंडून एवढं लांब त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असेल. त्या म्हणाल्या, "बरं. नाव नका घेऊ. दुर्गाचे बाबा म्हना. पन कोन ते पोराले सांगत जा."

दिवाळी झाली. धान घरी आला. दुर्गाचे बाबा दरवर्षी त्यानंतर नागपूरला जातात, ठेकेदाराकडे, इमारतींच्या कामावर. त्या वर्षी ते म्हणाले, "यंदा सगळेच जाऊ. तू विटा उचलशील, दुर्गा लहान्याले पाहील."

मी म्हटलं, "बघू."

माझं 'बघू' म्हणजे नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांना ते हो वाटलं. त्यांचाही दोष नाही. आमचा लहानगा मुलगा तेव्हा नुकता चालायला लागला होता, कामाच्या जागी त्याला कोणीतरी धरून बसायला हवं, आणि ठेकेदाराच्या माणसांत सगळ्यांच्याच मुली तसं करतात. पण दुर्गा पाचवीची परीक्षा देऊन पास झाली तर कटंगीच्या मुलींच्या छात्रावासात, म्हणजे वसतिगृहात, तिला सहावीला जागा मिळणार होती. मॅडमनी तिथे जाऊन विचारूनही ठेवलं होतं. नागपूरला गेली की परीक्षा गेली आणि जागाही गेली. मग ती माझ्यासारखीच राहिली असती, खिडकीच्या या बाजूला.

मॅडम एका संध्याकाळी आमच्या घरी आल्या. खाटेवर बसून त्या पुष्कळ बोलल्या, जोरात बोलल्या. दुर्गाच्या बाबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मॅडमजी, तिच्या मायचं तर काही म्हननं नाही. तुमाले काहून येवढी फिकर?"

मी दाराआड उभी होते. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे कप उचलून आत नेले.

दुसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकखोलीत आल्या आणि पालथ्या घमेल्यावर बसल्या. "चूक माही झाली. तुमच्या वाटचं मीच बोलून आली. आता मी नाही बोलनार."

मला रागच आला. त्या बोलून बसनं बालाघाटला गेल्या होत्या, मला त्याच घरात राहायचं होतं. मी म्हटलं, "तुमचं काय जाते मॅडम, बोलायले?"

"हौ," त्या म्हणाल्या. "माहं काहीच जात नाही."

मग त्यांनी माझ्या सुपातली डाळ आपल्याकडे ओढली आणि घंटा होईपर्यंत खडे वेचत बसल्या. बरेच खडे त्यांना दिसलेच नाहीत, चष्मा वर्गात राहिला होता.

पुढच्या मंगळवारी त्यांनी पंगत मांडली. मंगळवारी शाळेत खीर-पुरी असते. त्यांनी आयांना बोलावलं, मैदानात पट्ट्या अंथरल्या आणि मुलांना समोरासमोर दोन ओळींत बसवलं. एका ओळीजवळ 'कोन', दुसरीजवळ 'त्याचं काय'. एकानं पहिला अर्धा भाग बोलायचा, समोरच्यानं दुसरा जोडायचा, आणि वाक्य जुळलं की मी दोघांना वाढायचं. एक पोरगी म्हणाली, "आमच्या मॅडम..." समोरचा घाबरून बोलून गेला, "...लाकडाच्या ढिगामागे लपल्या." सगळ्या आया पदरात तोंड घालून हसल्या. मॅडम म्हणाल्या, "जुळलं. खोटं आहे, पन जुळलं. वाढा."

तेवढ्यात फाटकातून दुर्गाचे बाबा आले. मी कामावर गेल्यावर ठेकेदाराचा फोन आला होता, गाडी परवा निघणार होती, आणि ते दुर्गाचं नाव शाळेतून काढायला आले होते. मॅडमना त्यांनी तसं उभ्याउभ्याच सांगितलं. मी पुऱ्यांची टोपली घेऊन जवळच होते, मला ऐकू आलं.

मॅडम म्हणाल्या, "कागद जेवनानंतर करू. बसा, जेवून घ्या." एवढंच. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

ते ओळीच्या शेवटी बसले. मी वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आले तशी बायकांना लहर आली. एकीनं माझा हात धरला. "पंगत आहे वो! नाव घे, मंग वाढ."

"घे वो, लाजते काहून? पोरीले बी समजू दे बापाचं नाव."

माझे कान तापले. एरवी मी हात सोडवून पळाले असते. दुर्गा समोरच्या ओळीत होती, पुरीचा तुकडा हातातच धरून माझ्याकडे पाहत होती. मला एवढंच कळलं की जेवण संपलं की कागद होणार.

मी म्हटलं, "झनकलाल दुर्गाले नागपूरले नेनार नाहीत."

बायका थांबल्या. त्यांना ओळी जुळवलेलं काहीतरी हवं होतं. एक म्हातारी म्हणाली, "हे कसलं नाव वो? याच्यात काही जोडलंच नाही."

"येवढंच आहे," मी म्हटलं. "दुर्गा परीक्षा देईल. मी तिच्यापाशी इथं राहीन."

मी टोपली कमरेला लावली. दुर्गाच्या बाबांनी वर पाहिलं नाही. पत्रावळीकडे पाहत राहिले, आणि मग म्हणाले, "पुरी वाढ."

मी वाढली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या नाहीत, शाबासकी दिली नाही. पुढच्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "चल, तुही पाळी." जेवण झाल्यावर दुर्गाचे बाबा हात धुऊन फाटकापाशी थांबले. कागदाचा विषय कोणी काढला नाही.

घरी जाताना ते पुढे, मी मागे. अर्ध्या वाटेत म्हणाले, "नाव घेतलं ते घेतलं, चारचौघांत घेतलं."

"पंगत होती."

"लहान्याले कोन पाहील मंग?"

"मीच पाहीन. तो माह्यापाशी इथं राह्यला तर नागपूरले लागतेच कोन पाहायले?"

दारात चपला काढताना ते बोलले, "म्हंजे मलेच भात शिजवा लागन तिथं." त्यांच्याकडून होकार असाच येतो. परवाच्या गाडीनं ते एकटे गेले. मी त्यांच्याबरोबर लोणच्याची बरणी दिली.

दुर्गा पास झाली. पण निकाल लागला तेव्हा मॅडम शाळेत नव्हत्या. त्यांची निवृत्ती झाली होती. शेवटच्या दिवशी सरपंचांनी शाल दिली, भाषणं झाली. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. हात पुढे केले, मग तेच हात जोडून खाली बसल्या. नंतर स्वयंपाकखोलीत येऊन माझ्याजवळ बसून भात-वरण खाल्लं. मग त्या आपल्या मुलाकडे जबलपूरला राहायला गेल्या. मी फोन लावते, तो नंबर आता लागत नाही. त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. खिडकीतून आता शिकवणं नाही, पोरांचा नुसता गलका ऐकू येतो.

छात्रावास उघडला त्या दिवशी दुर्गाचे बाबा नागपूरहून आले होते. आम्ही तिघं बसनं कटंगीला गेलो, लहानगा शेजारणीकडे. पेटी माझ्या डोक्यावर, वळकटी त्यांच्या खांद्यावर. फाटकात दुर्गानं माझ्याकडून पेटी घेतली आणि बाकीच्या मुलींत मिसळून आत गेली, वळून न पाहता. आम्ही दोघं उभे राहिलो. मला वाटलं, मॅडम असत्या तर त्यांनी काहीतरी विचारलं असतं, आणि मी सांगितलं असतं. ऊन चढलं. वॉर्डनबाई येऊन म्हणाल्या, "अब आप लोग जाइए." आम्ही निघणार एवढ्यात दुर्गा धावत परत आली. बापाच्या खांद्यावरची वळकटी, जी आम्ही दोघंही विसरलो होतो, तिनं ओढून घेतली, छातीशी धरली आणि पुन्हा आत पळाली.