बाबांचा उलटा टीव्ही

माझे सासरे सलूनमध्ये जितके बोलके, तितकेच घरी मुके. हे मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात ओळखलं. दुकानात त्यांची जीभ कात्रीच्या पुढे धावायची. कोणाच्या मुलीचं कुठे जमतंय, कोणाचा साहेब खडूस आहे, कोणाचे केस काळजीने गळतायत आणि कोणाचे नुसतेच, सगळं त्यांना ठाऊक. घरी आले की "वाढ", "पुरे" आणि "दिवा घालव". संपलं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुझ्यावर कशाला रागावतील? माझ्याशी तरी कुठे बोलतात!"

आईंना, म्हणजे सासूबाईंना, स्वतःच्या घरातल्या बातम्या बाहेरून कळायच्या. घराला रंग द्यायचा ठरलाय हे दूधवाल्याने सांगितलं. कोणता रंग, तेही त्यालाच माहीत. सून म्हणून मी बाबांना पसंत आहे, हे समोरचे मास्तर दाढी करून आले तेव्हा आईंना समजलं. हे सगळं त्या हसून सांगायच्या. एकदा मात्र भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "संसार माझ्याशी केला आणि गप्पा मारल्या गिऱ्हाइकांशी." त्या वेळी त्या हसत नव्हत्या.

मग बाबांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. दिवसभर उभं राहायचा धंदा, डॉक्टरांनी कान उपटले आणि सलून बंद झालं. खुर्च्या गेल्या, फळ्या गेल्या, पण भिंतभर लांबीचा तो आरसा द्यायला बाबा काही तयार होईनात. तो आला आमच्या बाहेरच्या खोलीत आणि एक अख्खी भिंत बळकावून बसला. घरात येणारा प्रत्येक माणूस आधी स्वतःकडे बघतो आणि मग आमच्याकडे.

आईंना वाटलं, आता तरी हा माणूस घरात सापडेल. कसलं काय! चहा झाला की चपला पायात. पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या सलूनमध्ये जाऊन बाबा बाकावर बसायचे. जेवायला यायचे, वामकुक्षी झाली की परत बाकावर. डोक्यावर फारसे केस नसलेला माणूस रोज सलूनमध्ये जातो, हे लोकांना काय सांगणार?

माझ्या नवऱ्याने यावर तोडगा काढला. मोठा टीव्ही आणायचा. जुना डबा तसाही शेवटच्या घटका मोजत होता, माणसांचे चेहरे हिरवे दाखवायचा. मोठ्या पडद्यावर मॅच लागली की बाबा जागचे हलणार नाहीत, असा त्याचा हिशेब. आईंना टीव्हीचं काडीचं कौतुक नव्हतं. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघ, तुम्ही काय हवं ते आणा. पण संध्याकाळी हे माझ्या शेजारी बसले पाहिजेत. नाही बसले, तर तो दुकानात परत द्यायचा." मी मान डोलावली. पण खरं सांगते, असली अट कोणत्याच वॉरंटीत बसत नाही.

आम्ही तिघं, मी, नवरा आणि बाबा, टीव्हीच्या दुकानात गेलो. भिंतीवर ओळीने पडदे, प्रत्येकावर तेच निळं पाणी आणि तेच रंगीत मासे. सेल्समन मोठा उत्साही होता. "रंग बघा काका, अगदी जिवंत!"

बाबा म्हणाले, "मासे काय करायचेत? केस दाखवा."

"काय?"

"केस हो, केस. माणसाचे. एकेक सुटा दिसतो का ते बघू द्या."

सेल्समनने बातम्या लावल्या. बातम्या देणाऱ्या बाईंना बघून बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "यांनी भांग कधीपासून या बाजूला पाडायला घेतला? कोणी केलं हे? चेहरा पार बिघडवलाय." मग मॅच लावली, तर फलंदाज चुकीच्या हाताने खेळत होता. बाबा सेल्समनकडे असे बघायला लागले, की जणू त्यानेच बॅट फिरवली असावी. "अहो, हा डावखुरा ना? मी याला लहान होता तेव्हापासून बघतोय!"

नवरा लाजेने अर्धा झाला. माझ्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. सलूनमध्ये टीव्ही मागच्या भिंतीवर होता, म्हणजे खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला समोरच्या आरशात दिसावा. गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहून बाबाही तोच आरसा बघायचे. घरच्या डब्याकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. या माणसाने जन्मात सुलटा टीव्ही पाहिला नव्हता! पडद्याखालून सरकणाऱ्या बातम्यासुद्धा ते उलट्याच वाचायचे, आणि माझ्यापेक्षा वेगात.

मी नवऱ्याला हे सांगेपर्यंत बाबांनी स्वतःच मार्ग शोधला होता. दुकानाच्या मधोमध एक खांब होता, चारी बाजूंनी आरसे लावलेला. बाबा सगळ्या टीव्हींकडे पाठ करून त्या खांबासमोर उभे राहिले. चेहरा एकदम निवळला.

"हां! आता कसं. तो कोपऱ्यातला चांगला आहे."

सेल्समन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, काका बरे आहेत ना?"

"तुमच्यापेक्षा बरे आहेत," मी म्हटलं. उगाच तोडलं बिचाऱ्याला, पण आमच्या म्हाताऱ्याला आम्ही हसायचं, बाहेरच्यांनी नाही.

कोपऱ्यातला म्हणजे दुकानातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक, पासष्ट इंची. नवरा म्हणाला, "बाबा, आपली खोली केवढी, तो केवढा! त्रेचाळीस पुरे." बाबा खांबावरच्या आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाले, "त्रेचाळीस? तो तर काडेपेटीएवढा दिसतोय." आरशात पाहिलं की वस्तू लांब जाते, हे त्या वेळी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाबांचा उत्साह बघून आम्ही हात टेकले आणि पासष्ट इंची घेऊन घरी आलो.

घरी आल्यावर आमचे डोळे उघडले. टीव्हीला मोकळी भिंत एकच होती, आरशासमोरची. मेकॅनिकने तो तिथे ठोकला, चालू केला, आणि आमच्या खोलीत लांबचे नातेवाईक राहायला आल्यासारखी गर्दी झाली. बातम्यांच्या बाईंचं तोंड पाण्याच्या पिंपाएवढं. फलंदाजाने फटका मारला की आपण खाली वाकायचं.

संध्याकाळी आई ठेवणीतली साडी नेसून कोचावर बसल्या. साडीबद्दल मी काही बोलले नाही. शेजारी बाबा बसले. चांगली मॅच होती. बाबा या अंगावर रेलले, त्या अंगावर रेलले, डोळे चोळले, मान मागे घेतली, पाय वर घेतले, खाली सोडले.

"फार अंगावर येतोय," ते पुटपुटले. "आणि सगळे उलट्या हाताने खेळतायत."

मग ते उठले. दाराशी जाऊन एक चप्पल पायात घातली. नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी आईंकडे. आई पडद्याकडेच बघत राहिल्या, पण त्यांना पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. मला इतका राग आला बाबांचा! एवढा टीव्ही आणला, ती बाई नटून बसली, आणि यांना त्या परक्या बाकाची ओढ.

दुसरी चप्पल काही पायात जाईना. मी वळून पाहिलं. बाबा दाराशी एका पायावर उभे होते आणि आरशात बघत होते. आरशात आमची छोटी खोली दुप्पट लांब झाली होती आणि पार पलीकडच्या टोकाला तो पडदा, अगदी बेताचा, सलूनमधल्यासारखा दिसत होता. फलंदाज डावखुरा झाला होता.

हे आईंनीही पाहिलं. मी काही सुचवायच्या आत त्या उठल्या. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या ओढत आणल्या आणि आरशासमोर मांडल्या, नव्या कोऱ्या टीव्हीकडे पाठ करून.

"या," त्या म्हणाल्या. "इथे बसा."

बाबा चप्पल काढून आले आणि बसले. शेजारच्या खुर्चीवर आई बसल्या. नवरा तोंड उघडत होता, मी त्याचा दंड दाबला.

मग आई म्हणाल्या, "मला ती मॅचखाली सरकणाऱ्या बातम्यांची अक्षरं लागत नाहीत हो." बाबांनी घडाघडा वाचून दाखवली. एक बातमी झाली, दुसरी झाली. तिसरीच्या मध्ये ते थांबले. त्यांची नजर पडद्यावरून घसरून आरशातल्या आईंवर आली होती.

"केस बरेच पिकले गं तुझे."

"त्याला कितीतरी वर्षं झाली."

"छान दिसतात. मागून थोडे उतरवायला हवेत. उद्या करून देतो." आणि मग ते सुरूच झाले. "ते मास्तर आहेत ना, त्यांना मी नेहमी म्हणायचो, माझ्या बायकोसारखे दाट केस अख्ख्या पेठेत कोणाचे नाहीत. तू बाळंतपणाला गेलीस ना, तेव्हा मी एकाचा कानापुढचा कल्लाच उडवला. लक्षच लागेना कामात. तो ओरडला, तर म्हटलं, बाबा रे, घर खायला उठतंय, तू कल्ल्याचं काय घेऊन बसलास!"

आई आरशातल्या त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. "हे सगळं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगत होतात?"

"हो. सगळ्यांना."

"मग मला का नाही सांगितलं?"

बाबांनी खरोखर विचार केला. केस कापताना डोकं किंचित तिरकं करायचे, तसं केलं. "घरी तू स्वयंपाकघरात असायचीस," ते म्हणाले. "मला असं समोर आरशात माणूस दिसलं ना, की बोलायला येतं. तोंडासमोर तोंड आलं की काय बोलावं ते सुचत नाही. तुला बघायला आलो होतो तेव्हासुद्धा नाही सुचलं."

"ते आठवतंय मला. तुम्ही फक्त पाणी मागितलंत."

"तहान नव्हती मला," बाबा म्हणाले. "तू परत बाहेर यावीस म्हणून मागितलं."

मागे पासष्ट इंचांवर कोणीतरी बाद झालं असावं, कारण एकदम मोठा गलका झाला. बाबा पुढे बोलतच होते. आईंनी न वळता, आरशातूनच मला हाताने खूण केली.

"अगं, तो टीव्ही बंद कर जरा. यांचं बोलणं ऐकू येत नाहीये."