एकोणीस दिवस चालू

वसतिगृहात तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ही मुलगी दात घासता घासता तीन मजले फिरून यायची. संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती, डोकं तल्लख होतं, फक्त सूचना वाचायचा मनस्वी कंटाळा.

प्रकल्पासाठी तिने इंटरनेटवरून एक तगडं मशीन, म्हणजे एका कंपनीच्या केंद्रातला मोठा संगणक, तासाच्या भाड्याने घेतलं. विद्यार्थ्यांना सुरुवातीचे काही तास फुकट होते. फुकट ते पौष्टिक! नोंदणीला कार्ड लागत होतं, ते आईचं दिलं. आईचं एका खोलीचं शिवणकामाचं दुकान. शर्टांची काजं ती अजून हाताने करायची आणि त्या कार्डातल्या पैशांतून काजाचं मशीन घेणार होती.

जवळच्या केंद्रात मशीन शिल्लक नव्हतं, म्हणून भिंगरीने दूरचं एक केंद्र निवडलं. काम संपलं, लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर चालू मशीनची यादी रिकामी, म्हणून ही निश्चिंत. ती यादी जवळच्या केंद्राची होती, हे या हुशार बाईच्या डोक्यात आलंच नाही.

महिना संपता संपता सकाळी ईमेल आला. बिल एक्केचाळीस हजारांच्या वर, उद्या कार्डावरून वसूल होईल. तिच्या तोंडचं पाणी पळालं. ईमेल अकरा वेळा वाचून झाला. धुतलेला कुडता तिने पुन्हा धुतला.

"अर्ज कर, कधीकधी माफ करतात," खोलीतली मैत्रीण म्हणाली. "जरा रडून लिही."

भिंगरीने चार अर्ज लिहिले, चारही खोडले. पाचव्याच्या शेवटी चौकट आली, कार्डधारकाची संमती. आता आईला सांगणं भाग होतं. निम्माच आकडा सांगायचा, बाकीचं मागाहून निस्तरू, असं ठरवून दुपारी तिने फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं, आकडा सोडून.

पलीकडे शिलाई मशीनची घरघर थांबली.

"ते बंद केलंस का?" आईने विचारलं.

"काय?"

"जे भाड्याने आणलंस ते."

"नाही गं."

"मग सकाळपासून करत काय होतीस?"

"अर्ज लिहीत होते."

"दूध उतू जायला लागलं की आधी गॅस बंद करतात बाई, ओटा मग पुसतात. जा. मी फोन धरते."

तिने एकेका केंद्राची यादी उघडली. सातव्या यादीत हिरवा ठिपका सापडला. चालू, एकोणीस दिवस. सकाळपासून बिल आणखी पाचशेने वाढलं होतं. तिने मशीन बंद केलं, काढूनही टाकलं. तेवढ्या दोन मिनिटांत ती तीनदा खुर्चीवरून उठली.

"झालं?"

"झालं. बाकीच्या याद्याही बघितल्या, काही नाही."

"हं. आता सांग, किती?"

निम्मा आकडा जिभेवर तयार होता. पण आई एवढा वेळ फोन धरून बसली होती, आणि तिला फसवायची भिंगरीला लाज वाटली.

"एक्केचाळीस हजार सातशे," ती म्हणाली.

"बरं," आई म्हणाली. पण ते 'बरं' यायला फार वेळ लागला.