झाकणाच्या आतला कागद

कॉम्प्युटरचा एकही स्क्रू सोडण्याआधी माने अण्णा मालकाला एक प्रश्न विचारत. "ह्याच्या आत असं काय हाय, जे गेलं तर डोळ्याला पानी येईल?" उत्तर मिळेपर्यंत हाताची घडी. हळदीचा एक व्यापारी चिडून म्हणाला होता, "आवं अण्णा, मशीन हाय का माहेरची पेटी?" अण्णा हलले नाहीत. शेवटी त्याने लाजत लाजत सांगितलं, की बायको बाळंतपणाला गेली होती तेव्हा तिला लिहिलेली पत्रं आत आहेत. अण्णांनी ती आधी फ्लॉपीवर उतरवून घेतली आणि मग स्क्रू ड्रायव्हर उचलला.

अण्णा मूळचे साताऱ्याकडचे. फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होते. निवृत्त झाल्यावर सांगलीत गणपती पेठेत, हळदीच्या वखारीच्या वर एक खोली घेऊन सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बांधून देत. प्रत्येक मशीनच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवत आणि त्यावर बारीक अक्षरात काहीबाही लिहीत. "ही त्याची जन्मपत्रिका. फौजेत प्रत्येक हत्याराची असती," म्हणत. गिऱ्हाईक ती कधी वाचत नसे. झाकण उघडतंय कोण?

माझं मशीनही त्यांनीच बांधलं. मी कॉलेजात भूगोल शिकवायचो, त्यामुळे ते मला सर म्हणत. डिस्क मी हौसेने मोठी घेतली होती, पण मशीनचं मुख्य बोर्ड जुनं, त्याला ती पुरती दिसेना. मग अण्णांनी डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटा प्रोग्राम बसवला. "हा दुभाष्या. बोर्डाला डिस्कची भाषा कळत न्हाई, हा मधी उभा राहून सांगतो. हा मेला तर समदं असून नसल्यासारखं." त्या दुभाष्याची एक प्रत त्यांनी फ्लॉपीवर ठेवली आणि ती फ्लॉपी हत्यारांच्या डब्यात जपली.

त्या मशीनमध्ये माझ्या बाबांच्या नोंदी होत्या. बाबांची सगळी नोकरी कोयनानगरला गेली, पुढेही ते तिथेच राहिले. मोठ्या भूकंपानंतर त्यांनी प्रत्येक धक्का वहीत लिहायला सुरुवात केली. 'पहाटे. फडताळातल्या वाट्या वाजल्या. कुत्रं आधी भुंकलं.' अशी एकेक ओळ, पंचवीसहून जास्त वर्षं. नातेवाईक थट्टा करत, की पाल पडली तरी हे वहीत लिहितात. पुढे वह्यांना वाळवी लागली. मग एका उन्हाळ्यात बाबा वाचत गेले आणि मी टाइप करत गेलो. काम संपलं, तशा त्या पोखरलेल्या वह्या मीच बंबात घातल्या. आता मशीनमध्ये आहे सगळं, असं बाबांना ऐटीत सांगितलं.

पुढे डॉस ही जुनी सिस्टीम मागे पडली. सगळ्यांकडे नवी सिस्टीम आली, तशी मलाही हवीशी वाटली. दसरा होऊन आठवडा झाला असेल. मी मशीन रिक्षात घालून अण्णांकडे गेलो. तिथे माझेच दोन विद्यार्थी बसले होते. अण्णांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हणालो, "काही विशेष नाही." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "नक्की, सर?" त्या पोरांसमोर, माझे वडील वाट्या वाजल्याचं लिहून ठेवतात, हे सांगायची मला लाज वाटली. "नाही हो, करा सुरू," मी म्हणालो.

सिस्टीम चढली. मशीन बंद करून सुरू केलं, तर काळा पडदा आणि वर एक ओळ: सुरू करण्याजोगी सिस्टीम सापडत नाही. नव्या सिस्टीमने डिस्कच्या सुरुवातीला आपलं ठाण मांडलं होतं आणि दुभाष्या पुसला गेला होता. अण्णा शांत होते. "म्हणून तर फ्लॉपी ठेवली हाय," म्हणत त्यांनी डब्यातून ती काढून घातली. आतून करकर आवाज आला. त्यांनी ती बाहेर ओढली आणि तिची पत्र्याची पट्टी सरकवली. आत सगळं पिवळं झालेलं. खंडेनवमीला अण्णांनी फौजेतल्या रिवाजाप्रमाणे सगळ्या हत्यारांची पूजा केली होती. फ्लॉपी हेही त्यांचं हत्यारच. तिलाही ओलं हळदकुंकू लावलं होतं.

तेव्हा मी बोललो. "अण्णा, त्यात बाबांच्या नोंदी होत्या."

अण्णा नुसते खाली बसले. पुढचे आठ दिवस त्यांनी दुसरं मशीन हाती घेतलं नाही. स्वतः पुण्याला जाऊन तशीच एक फ्लॉपी आणली, पण तो दुभाष्या वेगळ्या बनावटीचा निघाला. तो चढवल्यावर डिस्क अगदीच कोरी दिसायला लागली. "आता संपलं, सर," ते म्हणाले. आणि लगेच, "वडिलांस्नी मी सांगतो. चूक माझी हाय."

रविवारी आम्ही एसटीने कोयनानगरला गेलो. बाबांसमोर ते परेडला उभं राहावं तसे ताठ उभे राहिले. "तुमचं लिखाण माझ्या हातनं गेलं. फ्लॉपीला हळद लावली मी. माफी मागायचं तोंड न्हाई." मी शेजारीच होतो. माझं तोंड उघडलं नाही. बाबांनी खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाले, "बसा. चहा घ्या." त्यानंतरही धक्के बसत राहिले, पण बाबांनी पुन्हा वही केली नाही. अण्णांनी हत्यारांची पूजा सोडली. मी मात्र होतो तसाच राहिलो. अण्णांकडे जाणं तेवढं टाळायला लागलो.

दोन वर्षांनी अण्णा हृदयविकाराने गेले, तेही मला उशिरा कळलं. त्यांनी बांधलेलं माझं मशीन घरी माळ्यावर पडून होतं. का कोण जाणे, मी ते खाली उतरवलं आणि पहिल्यांदाच झाकण उघडलं. कागद होता. डिस्कची मापं, बोर्डाचं नाव, तारखा. त्याखाली सिस्टीम बदलली त्या दिवसाची ओळ: 'दोनदा विचारलं. सर म्हनाले, काही विशेष नाही.' आणि तिच्याखाली वेगळ्या शाईत: 'वडिलांचं लिखाण होतं. तिसऱ्यांदा विचाराय पाहिजे होतं. चूक माझी.'

त्याच आठवड्यात कागद घेऊन मी कोयनानगरला गेलो. बाबांना तो वाचून दाखवला आणि त्या दिवशी काय घडलं होतं ते सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "हे त्या माणसाजवळ कधी बोललास का?"

अण्णांना जाऊन तेव्हा महिना झाला होता.