न उघडलेल्या फाइलमधलं नाव

आधीच सांगतो, भूतखेत, साक्षात्कार, अंगात येणं असलं काही कुणी सांगायला लागलं की मी चहाला उठून जाणारा माणूस. इथे लोक लिहितात ते अनुभवसुद्धा मी आजवर हसायलाच वाचले. आज स्वतः लिहितोय, तर तुम्हीही बिनधास्त हसा. फक्त हसून झाल्यावर कुणीतरी मला हे समजावून सांगा राव.

मी राहायला चिखलीत, नोकरीला चाकणमध्ये, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात. हजेरी, शिफ्ट, ओव्हरटाइम सगळं माझ्याकडे. एक्सेलचं मला वेड आहे. अख्ख्या दिवसाचं काम एका बटणावर करणारे मॅक्रो लिहितो, म्हणून ऑफिसात मला ‘मॅक्रोशेठ’ म्हणतात. म्हणू देत, अडलं की माझ्याकडेच येतात.

आमच्याकडे बरेच कामगार ठेकेदारांमार्फत येतात. प्रत्येक ठेकेदार आपल्या माणसांची एक्सेल फाइल पाठवतो... नाव, फोन, आधार, रक्तगट. आधार नंबर असतात म्हणून प्रत्येक फाइलला पासवर्ड, आणि ते सगळे पासवर्ड माझ्या मॅक्रोत भरलेले. बटण दाबलं की तो एकेक फाइल उघडतो, हवी ती माहिती उचलतो, फाइल बंद करून पुढच्या फाइलकडे जातो. एखादी उघडली नाही तर अडून बसायचं नाही, तिचं नाव लाल रंगात लिहायचं आणि पुढं जायचं, हे मीच त्याला शिकवलंय.

माझ्या शेजारच्या टेबलावर स्वाती बसते. मला दादा म्हणते, आणि डब्यात काही चांगलं असलं की न विचारता माझ्या ताटात वाढते. लग्नानंतर फार वर्षांनी तिला दिवस गेले होते. सगळं ऑफिस तिला जपत होतं. पण शेवटच्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, वार, म्हणजे प्लासेंटा, खाली आहे, रक्तस्राव होणार, रक्त हाताशी ठेवूनच ऑपरेशन करावं लागेल. रक्त तपासलं तर गट निघाला ‘बॉम्बे’. हा गट इतका दुर्मिळ की बऱ्याच जणांना नावही माहीत नसतं. आणि त्या माणसाला दुसरं कुठलंच रक्त चालत नाही, ओसुद्धा नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी तिच्या नवऱ्याचा, प्रशांतचा फोन आला. “दादा, नाशिकचा डोनर ठरला होता ना, त्याला ताप भरलाय. दुसरा कुणी मिळत नाहीये. डॉक्टर म्हणतात, थांबताही येत नाही...” मग एकदम म्हणाला, “मला स्वाती पाहिजे दादा, काहीही करा.” मी काय करणार होतो? पण ‘बघतो’ म्हणालो.

ब्लड बँकेच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, बॉम्बेवाले साध्या तपासणीत ओ म्हणूनच दिसतात. “तुमच्याकडचे ओ गटाचे लोक पाठवा, मी तपासते. पण फार आशा ठेवू नका.”

मग मी मॅक्रोला नवीन अट घातली: रक्तगट ओ असेल तरच ती ओळ उचल. बटण दाबलं. ओ वाल्यांची लांबलचक यादी आली. खाली एकच फाइल लाल होती, गायकवाड ठेकेदाराची. पठ्ठ्यानं पासवर्ड बदलला होता, मला कळवलं नव्हतं, आणि स्वतः बायकोच्या माहेरी कोकणात, फोन रेंजच्या बाहेर. चांगल्या दोन शिव्या घातल्या त्याला. आणि मग यादीतली शेवटची ओळ दिसली.

नाव, दिगंबर. ठेकेदार, गायकवाड. रक्तगटाच्या जागी मराठीत लिहिलेलं... ‘बॉम्बे’.

अंगावर काटा वगैरे काही आला नाही. राग आला. वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय, आणि असल्या वेळी! पण कॉम्प्युटरसमोरून मी हललोच नव्हतो. फाइल पुन्हा उघडायला गेलो तर परत तेच, पासवर्ड चुकीचा. जी फाइल उघडलीच नाही, तिच्यातली ओळ आली कुठून?

विचार करायला वेळ नव्हता. तडक स्टोअरला गेलो. दिगंबर पेट्या उतरवत होता. हिंगोलीकडचा, काटक, अबोल माणूस.

“काय चुकलं का साहेब माझं?”

“नाही रे बाबा. रक्तगट कोणता तुझा?”

“काय की! कधी तपासलाच नाई. फारम भरताना ती जागा तशीच सोडली होती.”

मी त्याला स्वातीचं सगळं सांगितलं. त्यानं हात पॅन्टला पुसले. “बाईमाणूस अडलंय म्हणता, मग इचारता काय? चला की.” गाडीवर मागं बसल्यावर मात्र हळूच म्हणाला, “साहेब, सुई लई मोठी असती का?”

तपासणी झाली आणि डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या. चेहरा असा, की मला वाटलं, संपलं.

“यांना कुठून शोधलंत तुम्ही?” त्या म्हणाल्या. “बॉम्बेच आहे. जुळतंय.”

प्रशांत दिगंबरच्या पायाच पडायला लागला. तो बिचारा ओशाळून मागं सरकत म्हणाला, “आवो, असं नका करू भाऊ.” मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनमध्ये रक्त वाहिलंच, आणि दिगंबरची पिशवी स्वातीला चढवावी लागली. मुलगी झाली. दोघी सुखरूप. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, रक्त हाताशी नसतं तर मला तुमच्याशी वेगळं बोलावं लागलं असतं.

त्या दिवशी ऑफिसात आलो आणि कुणी बघत नाही असं बघून कॉम्प्युटरला हात जोडले. मी! हात जोडले!

गायकवाड परतल्यावर त्यानं माझ्यासमोर नवा पासवर्ड टाकून फाइल उघडली. दिगंबरची ओळ होती, पण रक्तगटाची चौकट रिकामी. तो गेल्यापासून फाइलला कुणी हात लावल्याची खूणही नव्हती. आणि समजा फाइल उघडली असती, तरी माझा मॅक्रो फक्त ओ उचलणारा, ‘बॉम्बे’ त्यानं उचललाच नसता. माझा भाचा आयटीत आहे, तो म्हणाला, “मामा, जुना डेटा मेमरीत राहिला असेल.” म्हटलं, गाढवा, जे कधी कुणी लिहिलंच नाही, तपासलंच नाही, ते मेमरीत कुठून राहील?

त्या दिवसाची यादी मी जपून ठेवलीय, ती ओळ त्यात अजून आहे. मॅक्रो नंतर कितीदा तरी चालवला. ती ओळ पुन्हा कधीच आली नाही.

स्वातीला सख्खा भाऊ नाही. बारशाला मामाच्या मानानं दिगंबरला बसवलं. तो नव्या शर्टात अवघडून बसला होता, आणि पोरीनं त्याचं बोट काही सोडलं नाही. “मला तर बाई रडूच आलं,” असं माझी बायको सांगते. मी तिच्याकडे बघतच नव्हतो, माझेच डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, आता तरी दिगंबरची माहिती पूर्ण करू. फाइल उघडली, रिकाम्या चौकटीत ‘बॉम्बे’ लिहिलं आणि एंटर दाबलं. एक्सेलनं घेतलं नाही. तेव्हा आठवलं... सगळ्या ठेकेदारांना दिलेला तो नमुना माझाच. रक्तगटाच्या कॉलममध्ये नेहमीचे आठच गट चालतील, बाकी काही लिहिताच येणार नाही, हे कुलूप मीच घातलेलं.

काढायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. अजून काढलेलं नाही. धाडस होत नाही म्हणा, किंवा काय म्हणायचं ते म्हणा. दिगंबरची चौकट आजही रिकामी आहे.