बदरुन्निसाला किल्ला बघायचाय

जुबेलमध्ये उभी हयात काढलेल्या बदरुन्निसाला सौदीतलं ठाऊक काय, तर स्वयंपाकघर, हायपरमार्केट आणि मक्केला उमऱ्याला जाताना बसच्या खिडकीतून दिसलं तेवढं वाळवंट. बाकी सगळं 'बगू पुडच्या जुम्म्याला' म्हणून राहिलेलं. नवरा यासीन क्रेन चालवायचा; सुट्टी आली की आडवा. आता त्याचा फायनल एक्झिट लागला, म्हणजे कायमचं घरी परतायचं; सामान कार्गोनं गेलं, सोमवारचं विमान ठरलं. तशी ती हट्टाला पेटली.

"अवो, मना तारूतचा किल्ला बगायचाय. पोर्तुगीजांचा हात लागलाय म्हनतात त्याला. आपल्या रेवदंड्यासारका."

तिचा जन्मच रेवदंड्याच्या कोटातला. पोर्तुगीजांच्या भिंतीला लागून तिच्या आईनं सुकट वाळवलेली. इतकी वर्षं राहिलो त्या मुलखातली एक तरी जागा स्वतःच्या पायानं फिरावी, एवढंच तिचं म्हणणं.

शेवटच्या जुम्म्याला दोघं निघाली, तर नेमकी त्याच दिवशी सौदीची फुटबॉल मॅच. वाटेतल्या कतीफपासूनच हिरवे झेंडे, गाड्यांच्या खिडक्यांतून अर्धी बाहेर लोंबणारी पोरं, कान किटवणारे हॉर्न. तारूतच्या जुन्या वस्तीत पोचले तर गल्ल्या ओस आणि चहाच्या दुकानांत टीव्हीपुढे माणूस मावेना. घरांच्या वर किल्ल्याचा बुरूज दिसतो न दिसतो, तोच यासीन एका दुकानात शिरला.

"पाच मिन्टां गो. स्कोर बगून येतंय."

"तुमाला फुटबॉलातला काय कळतां? जन्म गेला टेनिसबॉल क्रिकेटात!"

"खेळ तो खेळ. त्यात काय कळायचाय?"

पाच मिनिटांचे दोन चहा झाले. दारात उभ्या बदरुन्निसाला बुरख्यात घाम फुटला. ऊन उतरायला लागलं, तसा तिचा पारा चढायला लागला.

एवढ्यात सौदीच्या खेळाडूनं बॉल जाळ्यात मारला. सगळं दुकान उभं राहिलं. त्याच क्षणी कडेच्या पंचानं झेंडा वर केला आणि सगळं दुकान मटकन खाली बसलं. यासीन मात्र तेव्हाच उठला. पंचाचे हात वर म्हणजे सिक्सर, हे त्याच्या हाडात भिनलेलं.

"दिला! पंचान दिला!" म्हणत तो दोन्ही हात वर करून नाचला.

चहावाला मलबारी कळवळला. "चाचा, बैठो! ऑफसाइड है. गोल कॅन्सल." कोपऱ्यातला एक सौदी म्हातारा तर असा बघत राहिला, जणू यासीननंच गोल परत घेतला.

"या अल्ला! तोंड दाकवायला जागा नाय ठेवलीत," बदरुन्निसा म्हणाली आणि तरातरा चढणीला लागली. ह्या मुलखात नवऱ्याच्या पुढं ती पहिल्यांदाच चालत होती.

किल्ल्याला कुलूप. भिंती समुद्रातल्या दगडाच्या, पांढुरक्या. रेवदंड्यासारखं त्यात काही म्हणता काही नव्हतं. तरी ती पायथ्याच्या दगडावर बसली. खाली चिंचोळ्या गल्ल्या, खजुराची झाडं, पलीकडे समुद्राची रेघ.

यासीन धापा टाकत आला. "बगितलास ना? यल्ला, चल. मॅच सुटली की रस्ता जाम होईल."

"बगून नाय झाला. बसा."

"किती येळ?"

"मॅच किती येळ चालते?"

"नव्वद मिन्टां."

"तेवडा. हाफटाइम वेगळा."

तो बसला. जरा वेळानं खालून एकदम आरोळी उठली. यासीन अर्धा उभा राहिला.

"कोनाचा असेल त्याचा असूंदे," म्हणत तिनं त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं आणि समुद्राकडे बघत राहिली.