कमी भरलेलं पोरगं

दुष्काळाच्या त्या वर्षी आमचा सहकारी साखर कारखाना पेटलाच नाही. ऊसच नव्हता, तर गाळणार काय, धूळ? कामगारांच्या कॉलनीतली माणसं बायकापोरं घेऊन पुण्याकडे पांगली आणि मागे राहिलो आम्ही दोघेच: गेटवर मी आणि वजनकाट्यावर सुग्रीव. मी निदान शनिवारी तेलगावला माझ्या घरी जायचो. सुग्रीवला जायला दुसरं घर नव्हतं. बायको मालनबाई वारल्यापासून क्वार्टरची दीड खोली हेच त्याचं सगळं.

गाडी येत नव्हती तरी तो रोज काटा झाडायचा, केबिनची काच पुसायचा आणि रस्त्याकडे बघत बसायचा. मी म्हणायचो, "काय बे, काय मोजतो? वारा?" तो हसायचाही नाही. एकट्यापुरती भाकरी थापायचा त्याला कंटाळा. मग माझ्या डब्यापाशी येऊन 'भूक नाही' म्हणत बसायचा. असल्या माणसाचा मला रागच येतो. मागून घे की लेका, तोंड दिलंय ना देवानं.

त्याचा एकुलता एक मुलगा उत्तरेश्वर पुण्यात कॉलेजला होता. मामा आश्रुबा तिथल्या गोल्फच्या मैदानावर माळी. पोरगं मामाकडे राहिलं, साहेब लोकांच्या पिशव्या उचलता उचलता स्वतः खेळायला लागलं आणि थेट विद्यापीठाच्या संघात गेलं. त्या खेळातलं आम्हाला एवढंच ठाऊक की काठीनं चेंडू लांबच्या भोकात घालायचा. सुग्रीवला तेवढ्यातही गोडी नव्हती. या खेळापायी पोरगं दिवाळीलाही येत नाही, हे मात्र त्याला पक्कं कळलं होतं.

फेब्रुवारीत चंदीगडला देशभरातल्या विद्यापीठांची मुलांची गोल्फ स्पर्धा होती. निघण्याआधी उत्तरेश्वरचा फोन आला. रेंज फक्त गेटापाशी मिळायची आणि तरुणपण मशिनांजवळ गेल्यानं सुग्रीवला ऐकू कमी यायचं, म्हणून त्याचे सगळे फोन स्पीकरवर, माझ्यादेखत.

"आबा, ही शेवटची," पोरगं म्हणालं. "औंदा जमलं न्हाई तर खेळ बंद. परीक्षा झाली की तिकडंच येतो, तुमच्यापाशी. काहीतरी कामधंदा बघू."

"बघ बाबा," सुग्रीव म्हणाला. पण त्या दुपारी त्यानं माझ्या डब्यातली भाजी मागून घेतली.

स्पर्धा चार दिवसांची. पहिल्या संध्याकाळी फोन वाजला. मागे पोरांचा गलका. उत्तरेश्वर घाईत म्हणाला, "आबा, दोन कमी."

सुग्रीवनं माझ्याकडे पाहिलं. कमी म्हणजे काय, हे काट्यावरच्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही. गाडी कमी भरली की ड्रायव्हर भांडतो, मुकादम कपाळाला हात लावतो. काट्यावर आल्यापासून त्यानं तेच पाहिलेलं, आणि गेटवर बसून मीही.

"असू दे," तो म्हणाला. "जेवलास का?"

दुसऱ्या दिवशी पोरगं म्हणालं, चार कमी. तिसऱ्या दिवशी सात. सुग्रीव म्हणायचा, "असू दे रे. जिवाला लावून घेऊ नको."

फोन ठेवला की मात्र माणूस बदलायचा. मालनबाईची पेटी सरकवून त्यानं दुसऱ्या खाटेला जागा केली, भिंतींना चुना मारला, परळीहून नवी गादी आणली. टँकरच्या पाण्यातलं एक पिंप पोराच्या आंघोळीला झाकून ठेवलं आणि स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसायला लागला. वर शीळ घालायचा.

"पोरगं हरतंय तुझं," मी म्हणालो. "शीळ कावून घालतो बे?"

"घरी येतंय," तो म्हणाला.

चौथ्या संध्याकाळी उत्तरेश्वर फोनवर नीट बोलूच शकेना. "आबा, जिंकलो. देशात पहिला आलो."

"कसं काय? तू तर रोज कमी होतास."

"अहो आबा, ह्या खेळात ज्याचे टोले कमी, त्योच जिंकतो." मग त्याच्या ध्यानात आलं. "म्हंजी इतके दिवस मी हरतोय असं समजत होता तुमी?"

"व्हय."

"आन एकदा बी रागावला न्हाई." पोराचा आवाज ओला झाला. "इथं बाकीच्यांचे बाप लई टाकून बोलतेत. तुमच्यासारखा बाप न्हाई मिळायचा, आबा. इथल्या एका सरांनी मला शिकायला ठेवून घेतलंय. परीक्षा झाली की इकडंच राहीन."

"लई चांगलं झालं," सुग्रीव म्हणाला. "जेवून घे."

फोन बंद झाल्यावर तो गेटाजवळच्या दगडावर बसला. मी हात पुढे केला, तो त्यानं घेतला नाही.

"मी त्याच्या हरायची वाट बघत होतो रे," तो म्हणाला. "रोज संध्याकाळी. आन त्यो म्हणतो, असा बाप न्हाई मिळायचा."

मग तो रडला. मला कोणाची समजूत घालता येत नाही, कधीच आली नाही. नुसता शेजारी बसून राहिलो.

पोरानं नाव काढलं की सगळ्या कॉलनीत पेढे वाटायचे, ही आमच्याकडची रीत. दुसऱ्या दिवशी तो परळीला जाऊन भली मोठी पिशवी भरून पेढे घेऊन आला. एक माझ्या हातावर ठेवला आणि कॉलनीत शिरला. पहिल्या क्वार्टरला कुलूप होतं. तरी त्यानं कडी वाजवली, थोडा थांबला आणि पुढच्या दाराला गेला.