पुंडलिकनगरचा हिरवा टँक

"रफिकभाई, ही काय घाण झालीय टँकची?" डॉक्टर पेशंटसमोरच ओरडले.

पुंडलिकनगरमधला दातांचा दवाखाना. वेटिंग रूममध्ये चार फुटी प्लांटेड टँक, म्हणजे माशांसोबत खऱ्या पाणवनस्पती लावलेला. मीच सेट करून दिला होता. महिन्याभरात काच हिरवीगार झाली होती. पानांवर केसांसारखं शेवाळ लोंबत होतं.

डॉक्टरांनी रिसेप्शनवरच्या बाईंकडं बोट दाखवलं. "ही वंदना मूठ मूठ दाणे टाकते. उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलंय तिला."

उरलेले दाणे सडतात आणि शेवाळाला आयतं खत मिळतं. त्यामुळं मीही तापलो. "वंदनाताई, चिमूटभर म्हणून शिकवलं होतं ना मी?"

ताईंचे डोळे भरले होते.

दाण्यांचा डबा उघडून बघितला. महिन्यापूर्वी मीच दिलेला. अजून पाऊण भरलेला! मुठीनं टाकले असते तर आठवड्यात खडखडाट झाला असता.

मग टँकमागं हात घातला. लाईटचा टायमर गायब. वायर थेट बोर्डात.

"टायमर कुठंय?"

वंदनाताई हळूच म्हणाल्या, "सरांनी काढला. दवाखाना बंद असला तरी टँक रस्त्यावरून चमकताना दिसला पाहिजे म्हणून. मी दोनदा म्हटलं, रफिकभाईंनी नको सांगितलंय."

माझं डोकंच फिरलं. चोवीस तास लाईट! सात-आठ तासांत झाडांचं भागतं. त्यापेक्षा जादा उजेडावर शेवाळ माजतं.

"झाडांना उजेड लागतोच की," डॉक्टर म्हणाले.

"रात्र पण लागते, सर. मी लिहून दिलं होतं तुम्हाला. आणि नोकरी यांची घालवता?"

"ते राहू द्या. आधी साफ करा."

"नाय करत. चूक कुणाची ते ताईंना सांगा. इथंच, सगळ्यांसमोर."

पेशंट दाढदुखी विसरून बघत होते. डॉक्टर लालबुंद. शेवटी भिंतीकडं बघत म्हणाले, "टायमर मी काढला होता. वंदना, उद्या ये."

माफीचा शब्द नाही. मीही बाईंना उगाच बोललो होतो. तिथंच हात जोडून म्हटलं, "ताई, चुकलं माझं."

हातानं शेवाळ ओढून काढलं, अर्धं पाणी बदललं, शेवाळ हटेपर्यंत टायमर सहाच तासांवर लावला. दर आठवड्याला हेच. महिन्यानं टँक निवळला. तोवर वंदनाताईंनी दुसरा दवाखाना धरला होता. मीही ते काम सोडलं.

आता कुठलाही टँक बिघडला की मी आधी प्लग तपासतो. मालकाचं म्हणणं नंतर ऐकतो.